निरोगी पुरुषाची तपासणी : विमा, सैन्य आणि वैद्यक यांच्या संबंधांतील एक अध्याय

वैद्याकडे जाणारा मनुष्य काहीतरी तक्रार घेऊन जातो, हा वैद्यकाच्या इतिहासातील बहुतेक सर्व काळाचा परिपाठ होय. दुखणे आधी, वैद्य नंतर. ज्याला काहीही होत नाही अशा पुरुषाने ठराविक मुदतीने वैद्यापुढे उभे राहावे, हृदय, फुप्फुसे, मूत्र आणि रक्तदाब तपासून घ्यावा व आपण निरोगी असल्याचा निर्वाळा मिळवावा, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या आधी फारशी आढळत नाही. आयुर्वेदाने निरोगी माणसाच्या आरोग्याचे रक्षण हे वैद्यकाचे एक प्रयोजन मानले खरे. परंतु त्यासाठी दिनचर्या आणि ऋतुचर्या सांगितली. रक्षणाचा भार माणसाच्या स्वतःच्या आचरणावर होता. दरवर्षी वैद्याकडे हजेरी लावण्याचा दंडक तेथे नाही.

या प्रथेचा इतिहास सामान्यतः साधनांच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. लेनेकने १८१६ मध्ये स्टेथॉस्कोप तयार केला, पुढे क्ष-किरण व रक्तदाबमापक आले, रोग लवकर ओळखता येऊ लागला आणि म्हणून निरोगी माणसाची तपासणी सुरू झाली, अशी ही मांडणी असते. तिच्यात तथ्य नाही असे नाही. परंतु तपासणी कोणाला हवी होती, तिचा खर्च कोणी सोसला आणि तिचा अहवाल कोणाच्या हाती पडत असे, हे प्रश्न विचारले की घटनांचा क्रम निराळा दिसू लागतो. निरोगी पुरुष प्रथम तपासला गेला तो दुसऱ्या कोणाच्या तरी हिशेबासाठी. तपासणीने आयुष्य वाढते हा विश्वासही त्याच हिशेबातून निघाला, आणि त्या विश्वासाची खरी कसोटी लागली ती प्रथा रूढ होऊन अर्धे शतक लोटल्यानंतर.

लंडनमध्ये १७६२ मध्ये स्थापन झालेल्या इक्विटेबल संस्थेने वयानुसार हप्ता ठरवून आयुर्विम्याला गणिताचा पाया दिला. त्या काळी विमा उतरवू इच्छिणाऱ्याने संचालकांपुढे जातीने हजर राहावयाचे असे. देवी येऊन गेल्या आहेत काय, संधिवाताचा त्रास आहे काय, असे मोजके प्रश्न विचारून आणि चेहरा व चालणे पाहून संचालकच निर्णय घेत. एकोणिसाव्या शतकात हे काम कंपनीने नेमलेल्या डॉक्टरांकडे गेले. या डॉक्टरचे आणि तपासल्या जाणाऱ्या पुरुषाचे नाते वैद्यकाला अपरिचित होते. डॉक्टर कंपनीचा होता, अहवाल कंपनीकडे जात असे. रोगी आपले दुखणे वैद्यापुढे वाढवून सांगतो. विमा मागणारा ते झाकून ठेवतो. साहजिकच अशा माणसाच्या तोंडच्या हकिगतीवर विसंबता येत नसे. शरीराकडूनच साक्ष काढून घेणे भाग होते, आणि म्हणून मोजमाप करणाऱ्या साधनांना विमा कंपन्यांच्या तपासणीत विशेष मान मिळाला.

रक्तदाबाची हकिगत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. रिव्हा-रोचीने १८९६ मध्ये दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची रीत दाखविली आणि १९०५ मध्ये कोरोत्कॉफने स्टेथॉस्कोपच्या आधारे तिला पूर्णत्व आणले. इस्पितळांतील अनेक नामांकित डॉक्टर तेव्हा नाडीवर ठेवलेल्या आपल्या बोटांवरच भिस्त ठेवून होते. अमेरिकेतील मिल्वॉकी येथील नॉर्थवेस्टर्न म्यूच्युअल या विमा कंपनीत मात्र डॉ. जॉन फिशर यांच्या पुढाकाराने १९०७ च्या सुमारास अर्जदारांचा रक्तदाब मोजण्यास सुरुवात झाली. इस्पितळापाशी नसलेली एक गोष्ट विमा कंपनीपाशी होती : हजारो निरोगी पुरुषांची मोजमापे आणि पुढे त्यांच्या मृत्यूच्या तारखा. कोणतीही तक्रार नसलेल्या माणसाचा वाढलेला रक्तदाब त्याचे आयुष्य कमी करतो, ही आज सर्वमान्य असलेली गोष्ट प्रथम रुग्णशय्येजवळ कळली नाही. ती विमागणितज्ञांच्या खातेवह्यांतून कळली. विमा कंपन्यांच्या हेतूविषयी काहीही म्हटले तरी वैद्यकावरील हे ऋण नाकारता येत नाही.

या खातेवहीला आणखी एक बाजू होती आणि ती मुंबईत स्पष्ट दिसली. ब्रिटिश कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवीत नसत, किंवा उतरविला तर युरोपियनापेक्षा जास्त हप्ता घेत. शरीर तपासण्यापूर्वीच वंशावरून जोखीम ठरत होती. १८७० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे म्यूच्युअलने हिंदी विमेदारांना सामान्य दराने विमा देऊन ही रीत मोडली. १८७४ मध्ये ओरिएंटल ही दुसरी मोठी कंपनी याच शहरात निघाली. जातिवंशाचा निकष बाजूस सारावयाचा तर एकेका अर्जदाराच्या तपासणीला महत्त्व येणे क्रमप्राप्त होते. १९५६ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन मुंबईत मुख्यालय असलेले आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. नोकरदार मराठी पुरुषाला आजारी नसताना डॉक्टरपुढे शर्ट काढून उभे राहण्याचा पहिला प्रसंग बहुधा नोकरीत रुजू होताना किंवा विमा उतरविताना आला असावा, असे मानावयास जागा आहे.

तपासणी ज्याची त्याच्याच हितासाठी व्हावी, हा विचार इंग्लंडमध्ये होरेस डोबेल यांनी १८६१ मध्ये मांडला. डोबेल हे लंडनमधील छातीच्या रोगांच्या इस्पितळात डॉक्टर होते. क्षयाचे रोगी आपल्याकडे फार उशिरा येतात, हा त्यांचा रोजचा अनुभव होता. प्रकट रोगाच्या आधी शरीराची एक खालावलेली अवस्था असते, ती रोग्याला जाणवत नाही, परंतु वैद्याला शोधता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते. कुटुंबाचा पूर्वेतिहास, राहणी, सवयी, प्रत्येक इंद्रियाची स्थिती आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्रावांची परीक्षा, इतके सर्व नियतकालाने करून लेखी अहवाल द्यावा, अशी त्यांची योजना होती. आजच्या तपासणीचा आराखडा यात जवळजवळ संपूर्ण आहे. तथापि ही योजना अमलात आली नाही. काही होत नसताना डॉक्टरचे शुल्क कोण देणार, या प्रश्नाला तिच्यात उत्तर नव्हते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनपुढे १९०० मध्ये जॉर्ज गूल्ड यांनी अशाच स्वरूपाची सूचना केली, तिचीही तीच गत झाली.

ते उत्तर एका बांधकाम कंत्राटदाराला सापडले. हॅरॉल्ड ले या मॅसॅच्युसेट्समधील व्यावसायिकाच्या मनात आले की, विमेदार एक वर्ष अधिक जगला तर कंपनीला एक हप्ता अधिक मिळतो आणि द्यावयाच्या रकमेवरील एक वर्षाचे व्याज वाचते. मग विमेदारांची तपासणी कंपनीनेच आपल्या खर्चाने का करू नये? येल विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ आयर्विंग फिशर यांची त्यांना जोड मिळाली. फिशर यांना १८९८ मध्ये क्षयाने गाठले होते आणि बरे झाल्यापासून ते आरोग्यसुधारणेचे कळकळीचे पुरस्कर्ते बनले होते. टाळता येण्याजोगा मृत्यू म्हणजे राष्ट्राच्या संपत्तीचा नाश, आणि या नाशाचे डॉलरमध्ये मोल करता येते, असे त्यांनी १९०९ च्या आपल्या अहवालात दाखविले होते. एकाचा हिशेब आणि दुसऱ्याचा ध्यास यांच्या संयोगातून १९१३ च्या अखेरीस न्यूयॉर्क येथे लाइफ एक्स्टेन्शन इन्स्टिट्यूट ही संस्था जन्मास आली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष विल्यम हॉवर्ड टॅफ्ट तिच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले आणि डॉ. यूजीन लायमन फिस्क यांनी वैद्यकीय बाजू सांभाळली. मेट्रोपॉलिटन लाइफ या बलाढ्य विमा कंपनीने १९१४ पासून आपल्या विमेदारांना या संस्थेमार्फत विनामूल्य तपासणी देऊ केली. कारखानदार व बँकाही आपल्या नोकरांसाठी ही सेवा घेऊ लागल्या.

संस्थेच्या लिखाणातून वारंवार येणारी प्रतिमा यंत्राची आहे. यंत्राची देखभाल वेळच्या वेळी होते, मग मानवी देहाची का होऊ नये? ही उपमा तेव्हाच्या कारखानदारी अमेरिकेला चटकन पटली. पुरुषाच्या संदर्भात ती अधिकच चपखल वाटली, कारण कमावता देह, म्हणजे विमा उतरविलेला, पगार आणणारा आणि कारखान्यात वा कचेरीत झिजणारा देह, हा प्रामुख्याने पुरुषाचा समजला जाई. स्त्रियांनाही या संस्थेत तपासले जात असे. परंतु निरोगी स्त्रीची नियमित तपासणी मुख्यतः गरोदरपणाच्या आणि पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या निमित्ताने, स्वतंत्र वाटेने वाढली. तो इतिहास निराळा आहे.

कामगारांना मात्र या यंत्राच्या उपमेतील दुसरा अर्थ कळत होता. झिजलेला भाग बदलून टाकतात. मालकाच्या डॉक्टरने हृदयात दोष आहे असे लिहिले तर औषध मिळेल की नोटीस, याची खात्री नव्हती. अमेरिकेतील कामगार संघटनांत सक्तीच्या तपासणीविषयी जी साशंकता होती तिचे मूळ येथे आहे. खाजगी व्यवसाय करणारे डॉक्टरही एका वेगळ्या कारणाने नाराज होते. एक व्यापारी संस्था त्यांच्या क्षेत्रात शिरत होती.

मेट्रोपॉलिटनने या खर्चाचा हिशेब ठेवला होता. १९१४ व १९१५ मध्ये तपासलेल्या विमेदारांचे पुढे काय झाले याची आकडेवारी कंपनीचे वैद्यकीय संचालक ऑगस्टस नाइट यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केली. मृत्युसारणीवरून अपेक्षित असलेल्या मृत्यूंपेक्षा प्रत्यक्ष मृत्यू चतुर्थांशाहून अधिक कमी भरले होते, आणि वाचलेली रक्कम तपासणीच्या खर्चाहून मोठी होती. या आकड्यांचा परिणाम विलक्षण झाला. १९२२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने नियतकालिक तपासणीला मान्यता दिली. ही तपासणी व्यापारी संस्थेकडे न जाता कुटुंबाच्या डॉक्टरकडे यावी, हा हेतू त्यात अर्थातच होता. १९२३ मध्ये नॅशनल हेल्थ कौन्सिलने प्रत्येकाने आपल्या वाढदिवशी तपासणी करून घ्यावी अशी देशव्यापी मोहीम काढली. वर्षातून एकदा, हा मुदतीचा आकडा रोगांच्या अभ्यासातून आलेला नाही, हे येथे नमूद करणे अवश्य आहे. वाढदिवस लक्षात ठेवण्यास सोपा असतो, इतकेच.

नाइट यांच्या आकड्यांत एक दोष होता. विनामूल्य तपासणी सर्वांना देऊ केली होती, पण ती स्वीकारली काहींनीच. जे आले ते स्वेच्छेने आले. आपल्या प्रकृतीची काळजी वाहणारा, दारू बेताने घेणारा, सल्ला ऐकणारा आणि रजा घेऊन डॉक्टरकडे जाणे परवडणारा माणूस तपासणीविनाही अधिक जगण्याचा संभव असतो. अशा माणसांची तुलना सरसकट विमेदारांच्या मृत्युसारणीशी केली की, माणसाचा गुण तपासणीच्या नावे जमा होतो. निवडीच्या या दोषाकडे त्या वेळी पुरेसे लक्ष गेले नाही. विमागणितज्ञांना निवडीचे तत्त्व अपरिचित होते असेही नाही. विमा कंपनीचा सारा धंदा त्यावर उभा असतो. आपल्याला हव्या असलेल्या निष्कर्षापुढे आपलेच शास्त्र माणूस कसे विसरतो, याचे हे उदाहरण म्हणता येईल.

याच सुमारास सैन्यभरतीने निरोगी समजल्या जाणाऱ्या पुरुषांचे दुसरे, आणि अगदी उलट, चित्र पुढे आणले. बोअर युद्धाच्या वेळी (१८९९–१९०२) इंग्लंडच्या औद्योगिक शहरांतील स्वेच्छेने आलेले तरुण मोठ्या संख्येने अपात्र ठरले, तेव्हा राष्ट्राची शारीरिक अवनती होत आहे काय, हे पाहण्यासाठी १९०३ मध्ये समिती नेमण्यात आली. १९०४ च्या तिच्या अहवालानंतर तपासणी सुरू झाली ती मात्र शाळकरी मुलांची, १९०७ च्या कायद्याने. प्रौढ पुरुष दुरुस्तीच्या पलीकडे गेला, असा त्यातून निघणारा अर्थ कोणी उघड बोलून दाखविला नाही. पहिल्या महायुद्धात १९१७–१८ या एका वर्षात ब्रिटनमध्ये सुमारे २४ लाख तपासण्या झाल्या. दर नऊ जणांत तीन पूर्ण सक्षम, दोन दुय्यम प्रकृतीचे, तीन जवळजवळ निकामी आणि एक कायमचा रोगी, असा निष्कर्ष १९२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने मोठी खळबळ उडाली. येथेही निवडीचा दोष होताच, फक्त तो उलट्या दिशेचा. युद्धाच्या चौथ्या वर्षी धडधाकट तरुण अगोदरच आघाडीवर गेले होते किंवा मारले गेले होते. मंडळापुढे येत होते ते वय झालेले, पूर्वी नाकारलेले आणि कारखान्यांतून ओढून काढलेले पुरुष. विम्याच्या आकड्यांत निरोगी पुरुष होता त्याहून निरोगी दिसला, सैन्याच्या आकड्यांत होता त्याहून दुबळा. दोन्ही चित्रांनी मिळून तपासणीची गरज मात्र दृढ केली.

लंडनच्या पेकहॅम भागातील प्रयोग या साऱ्यांहून वेगळ्या वृत्तीचा होता. जॉर्ज स्कॉट विल्यमसन आणि इनेस पिअर्स या डॉक्टरांनी तो १९२६ मध्ये एका घरात सुरू केला आणि १९३५ मध्ये पोहण्याचा तलाव, उपाहारगृह व व्यायामशाळा असलेली भव्य काचेरी इमारत त्यासाठी उभी राहिली. सभासदत्व एकट्या माणसाला नव्हते, कुटुंबाला होते. आठवड्याला एक शिलिंग वर्गणी आणि वेळोवेळी सर्वांची तपासणी. अहवाल त्या कुटुंबाच्याच हाती दिला जाई, विमा कंपनी वा मालक मध्ये नसे. तपासलेल्यांपैकी दहांतील नऊ जणांत काही ना काही दोष सापडला आणि त्यांतील बहुतेक जण कोणत्याही उपचाराखाली नव्हते. या आकड्याचे दोन अर्थ होऊ शकतात. समाजात न ओळखलेले रोग अफाट आहेत, हा एक. आणि पुरेसे बारकाईने पाहिले तर दोष प्रत्येकातच सापडतो, हा दुसरा. पेकहॅमच्या डॉक्टरांनी पहिला अर्थ घेतला. दुसऱ्या अर्थाला पुढील काळात फार महत्त्व यावयाचे होते. १९४८ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश राष्ट्रीय आरोग्यसेवेत अशा संस्थेला जागा सापडली नाही आणि १९५० मध्ये हे केंद्र बंद पडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही प्रथा दोन टोकांना वाढली. एका टोकाला अमेरिकेतील कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी होते. ज्यांच्या मृत्यूने कंपनीचे नुकसान होईल अशा पुरुषांसाठी झऱ्यांच्या ठिकाणी काही दिवस राहून तपासणी करण्याची सोय निघाली. जपानमध्ये १९५४ साली तोक्योतील एका राष्ट्रीय इस्पितळात सुरू झालेल्या तपासणीला ‘निंगेन डोक्कु’, म्हणजे माणसाची गोदी, असे नाव पडले. लांबच्या सफरीनंतर जहाज गोदीत घेऊन तपासतात तसे. यंत्राच्या उपमेचेच हे बंदरावरचे रूप. दुसऱ्या टोकाला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीत ओझी वाहणारे कामगार होते. १९५१ मध्ये त्यांच्या संघटनेनेच आपल्या सभासदांची तपासणी कैसर पर्मनंटे या संस्थेकडून करून घेतली. डॉ. मॉरिस कॉलेन यांनी त्यासाठी एकामागून एक कक्षांतून माणसे पुढे सरकत जातील अशी रचना केली. चाळीस वर्षांपूर्वी कामगार ज्या तपासणीला भीत होता ती त्याने आता हक्क म्हणून मागितली, कारण या वेळी डॉक्टर मालकाचा नव्हता.

कॉलेन यांचे मोठेपण हे की, त्यांनी आपल्याच पद्धतीची कसोटी लावली. १९६४ पासून पस्तीस ते चोपन्न वर्षे वयाच्या सुमारे दहा हजार सभासदांचे दोन गट केले. एका गटाला दरवर्षी आग्रहाने तपासणीस बोलाविले, दुसऱ्याला तसा आग्रह केला नाही. गट माणसांच्या मर्जीने झाले नसल्यामुळे नाइट यांच्या आकड्यांतील दोष येथे राहिला नाही. सोळा वर्षांनंतर मोठ्या आतड्याचा कर्करोग व उच्च रक्तदाब यांसारख्या काही थोड्या कारणांनी झालेले मृत्यू पहिल्या गटात कमी आढळले. एकूण मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. आग्नेय लंडनमध्ये १९६७ मध्ये सुरू झालेल्या सुमारे सात हजार लोकांच्या अभ्यासात नऊ वर्षांनंतर तेवढाही लाभ दिसला नाही. तो निष्कर्ष १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरात १९७० पासून सत्तेचाळीस ते पंचावन्न वर्षांच्या तीस हजार पुरुषांपैकी दहा हजारांना बोलावून तपासणी व सल्ला दिला गेला. उरलेल्या वीस हजारांशी तुलना करता हृदयविकाराच्या मृत्यूंत फरक पडला नाही. तंबाखू व रक्तदाब यांबाबत न बोलाविलेले पुरुषही दरम्यान तितकेच सुधारले होते. सरसकट तपासणीच्या अशा १७ चाचण्यांचा व २,५१,८९१ व्यक्तींचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये निघाला, त्याचाही निष्कर्ष हाच होता. कॅनडाच्या सरकारने १९७६ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने तर १९७९ मध्येच वार्षिक सर्वांगीण तपासणी सोडून द्यावी आणि वय व धोका पाहून निवडक तपासण्या कराव्यात, अशी शिफारस केली होती.

यावरून तपासणी व्यर्थ आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. रक्तदाब मोजण्याची उपयुक्तता या अभ्यासांनी खोडून काढलेली नाही. साठ-सत्तरच्या दशकांत तुलना-गटातील पुरुषही अन्य निमित्ताने डॉक्टरकडे जात होते आणि तेथे त्यांचा दाब मोजला जात होता, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जेथे डॉक्टरच दुर्मिळ आहे तेथे हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. निष्फळ ठरली ती सर्वांची सर्व तपासणी दरवर्षी करण्याची कल्पना. पुरुषांपुरती दोन उदाहरणे येथे पुरेशी आहेत. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगासाठी रक्तातील पीएसएची चाचणी अमेरिकेत १९९४ मध्ये मान्य झाली आणि झपाट्याने वार्षिक तपासणीचा भाग बनली. २००९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले. युरोपातील चाचणीत मृत्यू काहीसे घटले, अमेरिकेतील चाचणीत घटले नाहीत. मात्र ज्या कर्करोगाने तो पुरुष कधीच मेला नसता त्याच्यासाठी शस्त्रक्रिया व तिच्या यातना सोसणाऱ्यांची संख्या मोठी होती. पेकहॅमच्या आकड्याचा दुसरा अर्थ येथे प्रत्यक्षात उतरला. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा मंडळाने २०१२ मध्ये या चाचणीविरुद्ध सल्ला दिला आणि २०१८ मध्ये पंचावन्न ते एकोणसत्तर वर्षांच्या पुरुषाने डॉक्टरशी विचारविनिमय करून स्वतः ठरवावे, असा तो बदलला. याउलट उदरातील महारोहिणी फुगली आहे काय, हे ध्वनिलहरींनी पाहण्याची तपासणी. ब्रिटनमध्ये पासष्ट ते चौऱ्याहत्तर वर्षांच्या सुमारे ६८ हजार पुरुषांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या विकाराने होणारे मृत्यू चार दशांशांहून अधिक घटले. त्यानंतर २००९ पासून इंग्लंडमध्ये ती पासष्टाव्या वर्षी, जन्मात एकदाच, देण्यात येऊ लागली.

उरतो तो येणाऱ्यांचा आणि न येणाऱ्यांचा प्रश्न. लंडनमधील सरकारी कचेऱ्यांतील सुमारे १८ हजार पुरुष नोकरांची तपासणी १९६७ पासून झाली. ‘व्हाइटहॉल अभ्यास’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. हे सर्व जण कायम नोकरीतील, पंख्याखाली बसून काम करणारे, एकाच आरोग्यसेवेचे लाभार्थी होते. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांचा मृत्युदर वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला, आणि धूम्रपान, रक्तदाब व रक्तातील चरबी यांच्या फरकाने त्यातील एक भागच उलगडला. २००९ मध्ये इंग्लंडने चाळीस ते चौऱ्याहत्तर वर्षे वयाच्या लोकांसाठी दर पाच वर्षांनी विनामूल्य तपासणीची योजना पुन्हा एकदा सुरू केली. तिच्या निमंत्रणाला प्रतिसाद देणाऱ्यांत पुरुष स्त्रियांपेक्षा कमी भरले, आणि पुरुषांतही तरुण व धूम्रपान करणारे त्याहून कमी. १९१४ मध्ये मेट्रोपॉलिटनचे निमंत्रण पेटीत टाकून देणाऱ्या विमेदारांविषयी कंपनीने काही लिहून ठेवलेले असेल तर ते या दृष्टीने कोणीतरी पाहावयास हवे.